कानकाकांना ऐकू आलेला गुडघा

शिलाई मशीन बिघडलं की माणसं आधी त्याला तेल घालतात, मग शिव्या घालतात, आणि दोन्हींनी भागलं नाही म्हणजे कानकाकांना बोलावतात. त्यांना खरं नावही होतं, पण त्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून निघून गेली आणि नाव बिनकामाचं झालं. सगळे कानकाका म्हणायचे, कारण हा माणूस मशीन डोळ्यांनी बघायचाच नाही. आला की पिशवी खाली ठेवणार, लाकडी मुठीचा लांब पेचकस काढणार, त्याचं टोक मशीनच्या डोक्याला टेकवणार, मूठ कानाला लावणार आणि मालकिणीला सांगणार, "मारा पायडल." ती पायडल मारायची आणि हे डोळे मिटून उभे. तेवढा वेळ घरात कुणी बोललेलं खपायचं नाही. एका घरमालकाला तर ते म्हणाले होते, "जरा श्वास हळू घ्या," आणि त्या बिचाऱ्यानं घेतलाही.

मग प्रश्न सुरू. कुठं अडकतं? कधीपासून? सुरुवातीलाच अडकतं की चालून तापल्यावर? जाड कापडावर की पातळ? पोलीस परवडले, पण कानकाकांची उलटतपासणी नको. शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "चांगलं मशीन कुरकुरत नाही. आवाज आला म्हणजे आत काहीतरी कशाला तरी खातंय. आज ऐकलंत तर एक स्क्रू बदलून भागेल, उद्या ऐकलंत तर अख्खं डोकं बदलावं लागेल." हे त्यांनी गावभर सगळ्यांना ऐकवलं. आणि खरंच होतं हो ते, अक्षर न् अक्षर खरं होतं.

त्यांची बायको गेली तेव्हा पोरगी नुकती शाळेत जायला लागली होती. दुकानाच्या मागं दोन खोल्या, त्यात हे दोघं. धाकटी बहीण शेजारच्या गल्लीत राहायची, ती दोन्ही वेळचं रांधून जायची आणि जाताना पोरीची वेणी घालून जायची. कानकाका मूळचे बडबडे, पण त्या वर्षी त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. जेवायचे, काम करायचे, भिंतीकडं तोंड करून पडायचे. पोरगी शाळेतून आली की दुकानात स्टुलावर बसायची. करमणूक काय तर बाबांनी पेचकस कानाला लावला की आपण पायडल मारायचं. तेवढंच दोघांचं बोलणं.

एका दुपारी एका शिंप्याचं मशीन दुरुस्त करून झालं होतं. शेवटची तपासणी म्हणून कानकाकांनी पेचकस टेकवला आणि पोरीनं पायडल मारलं. खुट्ट. कानकाकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी शटल उघडलं, पुसलं, पुन्हा बसवलं. खुट्ट. पट्टा सैल केला. खुट्ट. सुईचा दांडा काढला, दाते काढले, बॉबिनचं घर काढलं, सगळी दुपार त्यात गेली आणि आवाज जिथल्या तिथं. मग त्यांनी चाक नुसतं हातानं फिरवून पाहिलं, तर मशीन मुकं. पोरीनं पाय मारला की खुट्ट. आता मात्र माणूस इरेला पेटला. पेचकसाचं टोक डोक्यावरून टेबलावर आणलं, टेबलावरून लोखंडी पायावर, तिथून पायडलवर. आवाज मोठा होत गेला. शेवटी टोकावर अंगठा धरून त्यांनी पेचकस पोरीच्या गुडघ्यालाच टेकवला आणि म्हणाले, "हलव बघू."

खुट्ट.

कानकाकांनी मूठ कानावरून काढली. मग हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, जमिनीवर बसून हसले. बहीण आतून धावत आली, तिला वाटलं हा रडतोय. "अगं, मशीन ठणठणीत आहे," ते कसेबसे म्हणाले, "पोरगी वाजतेय!"

बायको गेल्यानंतरचं ते पहिलं हसणं. पोरीला गुडघ्याचं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं, की बाबांना हसवायची किल्ली आपल्या पायात आहे. तिनं लगेच पाय पुन्हा वाकवला, पुन्हा सरळ केला.

त्या दिवसापासून तिचं नाव खुट्टू पडलं. कुणी पाहुणा आला की, "खुट्टू, ऐकव गं." ती ऐकवायची, बाबा ते वाक्य म्हणायचे, पाहुणे हसायचे. कानकाका कधी भिंतीकडं बघत बसलेले दिसले की ती समोर स्टूल ओढायची, त्यावर बसून पाय वाकवायची आणि वाट बघायची. हमखास लागू पडायचं ते औषध. दुकानात मात्र आवाजाची अडचण व्हायची. मशीन ऐकताना तो मधे कडमडायचा. तेव्हा कानकाका म्हणायचे, "तो वाजका पाय काढ, दुसऱ्यानं मार." ज्या माणसानं जगातल्या एकाही खुट्टला कधी माफ केलं नाही, त्यानं ही एक खुट्ट बाजूला काढून ठेवली. जीव लावून ठेवली, हेच तर वाईट.

आत्याला हे कधीच पटलं नाही. ती फटकळ बाई. "दादा, माणूस वाजू नये रे," ती म्हणायची. "तुझं मशीन वाजलं तर रात्रीची झोप उडते तुझी, आणि पोरगी वाजतेय तर टाळ्या पिटतोस."

"लहान हाडं आहेत, वाजतात," कानकाका म्हणायचे. "वाढली की बसतील."

ती ऐकणाऱ्यातली नव्हती. एक दिवस पोरीचं बखोट धरून तिनं तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेलं, एक्स-रे काढायला लावला. हाडं स्वच्छ, सरळ, उत्तम. डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही, पण दुखलंखुपलं तर पुन्हा आणा. कानकाकांना तर आयतंच सापडलं. "बघितलंस? आता तुझा डॉक्टरही म्हणतो, मशीन ठणठणीत." पोरगी कधी दुखतं म्हणाली नाही, त्यामुळं कुणी पुन्हा नेलंही नाही.

खुट्टू वाढली, उंच झाली. ती शेवटच्या वर्गात असताना समोरच्या इमारतीला आग लागली. अग्निशमन दलाची एक बाई एका म्हाताऱ्याला पाठीशी बांधून शिडीवरून उतरली, त्याला खाली ठेवलं, पाणी प्यायली आणि पुन्हा वर गेली. खुट्टू दुकानाच्या दारात उभी राहून बघत होती. झालं, तिचं ठरलं. मग पहाटेचं धावणं आलं, जिने चढणं आलं, वाळूची पोती खांद्यावर घेणं आलं. आत्या म्हणाली, पोरीच्या जातीनं आगीत कशाला उड्या मारायच्या. कानकाका म्हणाले, "तू चुलीत रोज हात घालतेस, तुला कोण काही बोलतं का?" आतून ते फुशारले होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, माझी पोरगी आग विझवणार. रात्री ती गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला लागली होती, जिना उतरताना कठड्याला धरायला लागली होती. कानकाकांनी ते पाहिलं होतं. पण पाहणं हे त्यांचं काम कधी नव्हतंच.

लेखी परीक्षेत ती वरच्या क्रमांकात आली. मग शरीराची चाचणी. सरावाच्या उंच मनोऱ्यावर खांद्यावर पाण्याच्या नळीचं वेटोळं घेऊन चढायचं होतं. कानकाका कुंपणाबाहेर उभे. पोरगी सगळ्यांच्या पुढं होती, अगदी स्पष्ट पुढं. वरून दुसऱ्या वळणावर ती थांबली. पाय वाकला होता आणि सरळ होईना. तिनं हातानं ओढला, कठड्याला धरून झटकला, पण आत काहीतरी अडकून बसलं होतं. ज्यांच्यात तिला जायचं होतं, त्यांनीच तिला पाठीवर घेऊन खाली आणलं.

तिथला साहेब भला माणूस. म्हणाला, "तुझी जागा पुढच्या तुकडीपर्यंत धरून ठेवतो. गुडघा चालेल असं डॉक्टरांकडून लिहून आण." आता सगळं त्या एका गुडघ्यावर येऊन ठेपलं.

मोठ्या रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खुट्टूला झोपवलं, पाय हळूच वाकवला, फिरवला, सरळ केला. खुट्ट. "हा आवाज कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आणि कानकाका खुलले. सवय हो, दुसरं काय. त्यांनी शिंप्याच्या मशीनची अख्खी गोष्ट सांगितली, शटल कसं उघडलं, पट्टा कसा काढला, पेचकस गुडघ्यावर कसा आणला. "मशीन ठणठणीत, पोरगी वाजतेय!" म्हणून स्वतःच हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीकडं बघितलं. पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. "एमआरआय करून घ्या," बाई म्हणाल्या.

एमआरआयच्या खोलीबाहेर तिथला तंत्रज्ञ म्हणाला, अंगावर लोखंड काही असेल तर काढून ठेवा. तसं आत जायचं होतं खुट्टूला, पण कानकाकांनीही पेचकस काढून ट्रेमध्ये ठेवला, कॉलरला टोचलेल्या सुया काढल्या. काचेतून त्यांना दिसलं, पोरीच्या गुडघ्याभोवती प्लास्टिकचा साचा बसवला, हलू नये म्हणून बाजूनं उशा दाबल्या, आणि फळी तिला घेऊन त्या पांढऱ्या बोगद्यात सरकली. मग जो दणदणाट सुरू झाला, त्यानं कानकाका खुर्चीवरून उठलेच. ठकठक, घर्रर्र, पुन्हा ठकठक.

"अहो, यात काहीतरी सैल आहे," ते तंत्रज्ञाला म्हणाले.

"नाही काका. हे असंच वाजतं."

"म्हणजे बिघडलेलं नाही?"

"बिघडलं की वाजायचं बंद होतं," तो म्हणाला आणि पडद्याकडं वळला. कानकाका खाली बसले. हात रिकामे होते, ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्रं लावली. "एक्स-रेत हाड दिसतं," त्या म्हणाल्या. "हाडांच्या मधली गादी दिसत नाही. ती यात दिसते. हे गुडघ्याचे उभे काप आहेत, एकामागून एक." त्यांनी आधी दुसऱ्या कुणाचा तरी चांगला गुडघा दाखवला. गादी काळी दिसते. कडेच्या कापात ती रिबिनीच्या बोसारखी, दोन टोकं जाड आणि मधे बारीक. पुढच्या कापांत बो मधून तुटतो आणि दोन छोटे त्रिकोण उरतात. कारण गादी मुळात चंद्रकोरीसारखी असते, मधे मोकळी.

मग त्यांनी खुट्टूचा गुडघा लावला. बो दिसला. पुढचा काप आला, तरी बो. त्याच्या पुढचा, तरी बो. कानकाका पुढं वाकले. तो तुटेचना. "हिची बाहेरची गादी कोर नाहीच," बाई म्हणाल्या, "अख्खी चकती आहे. जन्मापासून. काही माणसांची असते अशी. जाड, मोठी, नीट बसत नाही, आणि पाय हलवला की सटकते. तुम्ही ऐकत होतात तो तिच्या सटकण्याचा आवाज."

"मग ती कोरून काढता येते?" कानकाकांनी लगेच विचारलं. कारागीर माणूस, त्यांना ते सोपं वाटलं. "मधला जादा भाग काढायचा, कड ठेवायची."

"येते. तेच करतात. दुखायला लागलं की लगेच आणलं, तर बहुतेकदा चांगलं जमतं." त्यांनी बोट काळ्या पट्टीच्या आत नेलं. तिथं पांढरी रेघ होती, कडेपर्यंत गेलेली, आणि टोकाशी विस्कटलेली. "ही चीर आहे. चाचणीच्या दिवशी तुकडा अडकला, पण चीर जुनी आहे. वर्षानुवर्षं यावर भार पडलाय. कड किती वाचेल ते आत गेल्यावरच सांगता येईल. कड वाचली तर दाखल्याचं बघू. नाही वाचली तर मी खोटं लिहून देणार नाही." मग त्यांनी खुर्ची पोरीकडं वळवली. "दुखतं कधीपासून? खरं सांग."

"चाचणीपासूनच," कानकाका म्हणाले.

"शाळेत होते तेव्हापासून," खुट्टू म्हणाली.

कानकाकांना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं, आणि आयुष्यात त्यांनी चुकीचं असं कधी ऐकलं नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

ती मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही हसायचात, बाबा."

"अगं पण..."

"आई गेल्यावर तुम्ही कशानंच हसत नव्हता. फक्त त्यानं हसायचात. दुखतं म्हणाले असते, तर तुम्ही मला ते करू दिलं नसतं."

घरी येताना ती रिक्षात त्यांच्या खांद्याला टेकून बसली. उलट तिनंच त्यांचा हात धरला होता. कानकाकांच्या मनात ती प्रत्येक वेळ एकेक करून येत होती. पाहुण्यांसमोरची, जेवणानंतरची, ते भिंतीकडं तोंड करून पडले असताना स्टूल ओढून बसलेल्या त्या एवढ्याशा पोरीची. ती पाय वाकवायची, दात आवळायची आणि बाबांच्या तोंडाकडं बघत राहायची, हसतात का म्हणून. आणि हे हसायचे. काय म्हणावं या माणसाला? शिव्या द्याव्यात असं वाटतं, पण ज्याला द्यायच्या त्यानं स्वतःला आधीच दिल्या होत्या. आत्याला कळलं तेव्हा ती भांडायच्या तयारीनंच आली. दारातून भावाचा चेहरा पाहिला आणि न बोलता चहा टाकायला आत गेली.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि सरळच सांगितलं. कड वाचली नाही. गादी आतून पार पिंजून गेली होती, बरीचशी काढावी लागली. चालेल ती. हळूहळू नीट चालेल. पण धावणं नाही, ओझं घेऊन जिने चढणं तर नाहीच. पुढं वय वाढेल तसं हाड हाडावर घासेल, तेव्हाचं तेव्हा बघू. कानकाका मान हलवत राहिले. खुट्टूला शुद्ध आल्यावर तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि विचारलंच नाही. साहेबाला तिनंच फोन करून कळवलं, की जागा दुसऱ्या कुणाला द्या. अगदी नेहमीच्या आवाजात बोलली. फोन ठेवून ती भिंतीकडं तोंड करून झोपली. बापासारखीच.

कानकाकांनी काम सुरू केलं, पण त्यात राम नव्हता. मशीन यायचं, पेचकस टेकवायचे, पायडल मारायला शेजारच्या कुणाला तरी बोलवायचे. खुट्ट झाली की त्यांचा हात थांबायचा. बायका म्हणायच्या, कानकाकांचा कान गेला. कान गेला नव्हता. आवाज आला की त्यांना मशीन ऐकूच यायचं नाही.

एका संध्याकाळी ते दुकानात तसेच बसले होते, समोर उघडं मशीन, हातात पेचकस, आणि नजर भिंतीवर. आतून कुबडीची टकटक आली. खुट्टूनं तेच जुनं स्टूल पायानं ढकलत त्यांच्या समोर आणलं, कुबडी टेबलाला टेकवली आणि बसली.

"बाबा, इकडं बघा ना."

त्यांनी पाहिलं. तिनं पाय हळूच वाकवला आणि सरळ केला. काहीच आवाज आला नाही. तिनं पुन्हा वाकवला. "थांबा हं," ती म्हणाली, "येईल." पुन्हा सरळ केला. तोंडावर हसू होतं आणि कपाळावर घाम. "येईल बाबा. जरा थांबा." जागा गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता तिचा ओठ थरथरायला लागला.

कानकाकांनी पेचकस खाली ठेवला. दोन्ही तळवे तिच्या गुडघ्यावर ठेवून पाय थांबवला. तिथं टाक्यांचे बारीक व्रण होते.

"दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. तिच्या तोंडात "नाही" तयारच होतं, ओठ तसे झालेही. मग ती थांबली.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतं, बाबा. तेव्हाही खूप दुखायचं."

"कुठं?"

तिनं बोट ठेवलं.

"कधीपासून? वाकवताना की सरळ करताना? सकाळी उठल्यावर की दिवसभर चालून?"

ती सांगायला लागली. शाळेच्या जिन्यापासून सुरुवात केली. रडत होती आणि सांगत होती, एकेक वर्ष, एकेक जिना. आतून आत्या चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. कानकाका ऐकत होते. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत.